फिलिपिनो साहित्य वाचायचे तर कुठून सुरुवात करावी?

प्रश्न असा आहे: "फिलिपिन्सच्या साहित्याचा इतिहास, त्यातले प्रकार आणि चळवळी समजून घ्यायच्या आहेत. जिथे पाहावे तिथे 'स्पॅनिशपूर्व काळ, स्पॅनिश काळ, अमेरिकन काळ, जपानी काळ' अशी राज्यकर्त्यांची यादीच मिळते. त्यापलीकडे काही सूत्र आहे का? आणि वाचायला कुठून घ्यावे?"

मी तौलनिक साहित्य शिकवते आणि आग्नेय आशिया हा त्यातला माझ्या विशेष अभ्यासाचा भाग आहे. ती कालखंडांची यादी तारखा लक्षात ठेवायला बरी पडते. पण ती वाचून असे वाटत राहते, की राज्ये बदलत गेली आणि साहित्य त्यांच्या मागून मुकाट चालत गेले. तसे झालेले नाही. सात हजारांवर बेटे आणि शंभराहून जास्त भाषा असलेल्या या देशात लिहिणाऱ्यापुढे कायम एक प्रश्न उभा होता: लिहायचे ते कोणत्या भाषेत, आणि ते ऐकणार किंवा वाचणार कोण? तिथली जवळजवळ प्रत्येक मोठी चळवळ या प्रश्नातून निघालेली आहे. तो हाताशी धरला की विखुरलेली नावे आपोआप जागेवर बसू लागतात.

स्पॅनिश लोकांनी येऊन अक्षरओळख करून दिली, हा समज आधी काढून टाकावा लागेल. मनिलाच्या आसपासची तागालोग आणि इतर काही भाषांमध्ये बायबायिन ही लिपी चालत असे. ती ब्राह्मीच्या कुळातली. व्यंजनात 'अ' मिसळलेलाच असतो आणि स्वर बदलायचा तर अक्षराच्या वर किंवा खाली एक छोटी खूण करतात. बाराखडी घोकलेल्या मराठी माणसाला तिची घडण लगेच कळते. त्याहूनही जुना पुरावा म्हणजे लागुना प्रांतात १९८९ च्या सुमारास हाती आलेला ताम्रपट. जावा बेटाशी नाते सांगणाऱ्या कावी लिपीत तो कोरलेला आहे आणि त्याची सुरुवात 'स्वस्ति' या शब्दाने होते. पुढे शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षातली चतुर्थी, सोमवार अशी मिती आहे. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगात आजही छापला जातो तोच हा शक. मजकूर एका माणसाच्या सोन्यातल्या कर्जाची माफी नोंदवणारा आहे, त्यामुळे त्याला साहित्य म्हणता येणार नाही. पण हजार वर्षांपूर्वी मनिला उपसागराच्या आसपासची माणसे कोणत्या जगाशी देवघेव करत होती, ते यातून लख्ख दिसते.

साहित्य मात्र तोंडी होते आणि पुष्कळसे अजूनही तोंडीच आहे. उत्तरेच्या लुझोन बेटावरच्या डोंगरातले इफुगाव लोक भाताच्या पेरणीला, कापणीला आणि मर्तिकाच्या रात्री 'हुधुद' गातात. मुख्य गाणारी बहुधा वयस्कर स्त्री असते, बाकीच्या तिला साथ देतात आणि एक कथा पुरी व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. दक्षिणेला मिंदानावमध्ये लानाव सरोवराकाठच्या मारानाव लोकांचे 'दारांगेन' आहे. सतरा खंड, सुमारे बहात्तर हजार ओळी. मारानाव समाज मुसलमान आहे, पण हे महाकाव्य तिथे इस्लाम पोचण्याआधीच्या जगातले. याच लोकांमध्ये 'महाराडिया लावाना' नावाची कथा सांगितली जाते. ती रावणाची. ह्वान फ्रान्सिस्को या अभ्यासकाने १९६० च्या दशकात ती उजेडात आणली. तिच्यात रामाचा मांगांदिरी झाला आहे आणि लक्ष्मणाचे नाव चक्क मारुतीच्या जागी असलेल्या वानराला मिळाले आहे. रामायण प्रवासात किती मोकळेपणाने बदलते, हे मला वर्गात याहून चांगल्या उदाहरणाने कधी सांगता आलेले नाही. उत्तरेच्या इलोकानो भाषेतला लाम-आंग हा नायक तर जन्मताच बोलू लागतो, स्वतःचे नाव स्वतः सांगतो, पुढे मोठ्या माशाच्या पोटात जातो आणि त्याची हाडे गोळा झाल्यावर पुन्हा जिवंत होतो.

लहान रचनांचेही तिथे मोठे भांडार आहे. 'बुग्तोंग' म्हणजे कोडी, 'सालाविकाईन' म्हणजे म्हणी. 'तानागा' ही सात-सात अक्षरांच्या चार ओळींची कविता. मिंदोरो बेटावरचे हानुनुओ मांग्यान लोक सात अक्षरी ओळींची 'आंबाहान' रचतात आणि ती बांबूवर चाकूच्या टोकाने, आपल्या जुन्या लिपीत कोरतात. संशोधकाने वहीत उतरवून ठेवलेले लोकसाहित्य मी पुष्कळ वाचले आहे. इथे मात्र कविता करणारा स्वतःच ती कोरून ठेवत आला आहे.

१५६५ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी आला, १५७१ मध्ये मनिला स्पॅनिश राजधानी झाली. मिशनऱ्यांनी ठरवले, की धर्म शिकवायचा तो लोकांच्याच भाषेत. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' या पुस्तकात स्पॅनिश, रोमन लिपीतले तागालोग आणि बायबायिनमधले तागालोग असे तिन्ही मजकूर आहेत. हेच धोरण त्या सुमारास गोव्यातही दिसते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले ते मराठी ओव्यांत. फिलिपिन्समध्ये त्याचे भावंड म्हणावे असे काव्य म्हणजे 'पास्योन', ख्रिस्ताच्या यातनांचे कथाकाव्य. गास्पार आकिनो दे बेलेन या तागालोग कवीने १८ व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते रचले. पुढे १८१४ ची एक संहिता घरोघरी पोचली. आठ अक्षरी पाच ओळींचे कडवे, आणि लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत घरात किंवा गल्लीतल्या मांडवात पाळीपाळीने रात्रंदिवस चालणारे पठण. हे आजही चालते.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण साहित्य समाजात कसे काम करते ते पास्योनइतके स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हे सोशिकपणा शिकवणारे काव्य. ऐकणाऱ्या शेतकऱ्याने त्यातून निराळेच घेतले. एक गरीब सुतार, शिकलेल्या आणि सत्ताधारी लोकांनी त्याचा केलेला छळ, घरदार सोडून त्याच्यामागे गेलेली साधी माणसे, आणि शेवटी अंधारातून उजेडात येणे. इतिहासकार रेनाल्दो इलेतो यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की १९ व्या शतकातल्या शेतकरी उठावांना आणि पुढे स्पेनविरुद्धच्या क्रांतीलाही शब्द आणि प्रतिमा पुरवल्या त्या या पठणाने. क्रांतीचा विचार युरोपात शिकलेल्या तरुणांनी आणला, एवढेच वाचून थांबलात तर निम्मी गोष्ट हातून निसटते. गावात पास्योन तोंडपाठ असलेली माणसे आधीपासून होती.

त्याच काळात युरोपातल्या राजे-सरदारांच्या अद्भुत कथा पद्यात येऊ लागल्या. आठ अक्षरी ओळींचा 'कोरिदो', बारा अक्षरी ओळींचा 'आवित'. रंगभूमीवर 'कोमेद्या', ज्यात ख्रिस्ती राजपुत्र आणि मूर म्हणजे मुसलमान यांची लढाई ठरलेली असे. या चौकटीत राहून फ्रान्सिस्को बालाग्तासने १८३८ मध्ये 'फ्लोरान्ते आत लाउरा' लिहिले, ३९९ कडव्यांचा आवित. कथा अल्बानियात घडते. नायक फ्लोरान्ते गर्द रानात झाडाला बांधलेला आहे, सिंह अंगावर येत आहेत, आणि त्याला सोडवतो कोण, तर आलादिन नावाचा मुसलमान योद्धा. कोमेद्या पाहून वाढलेल्या प्रेक्षकांना हे केवढे नवे वाटले असेल! आपल्या अभागी देशाच्या आत-बाहेर कपटाचेच राज्य आहे, असा विलाप तो नायक करतो. देशाचे नाव अल्बानिया असले, तरी वाचणाऱ्याला आपला देश ओळखता येत होता. सेन्सॉरच्या नजरेखालून सत्य कसे न्यायचे हे फिलिपिनो लेखक बालाग्तासकडून शिकले, असे मी मानते. तागालोग कवितेचा कणखर, गोड नादही त्याचाच.

आता होसे रिझाल. याच्याबद्दल थोडक्यात लिहिणे मला जमणार नाही. १८६१ मध्ये लागुना प्रांतातल्या कालांबा गावी जन्म, शिक्षण मनिला आणि माद्रिदला, पेशाने डोळ्यांचा डॉक्टर. त्याची 'नोली मे तांगेरे' १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली. छपाईला पैसे नव्हते, माक्सिमो व्हिओला या मित्राने दिले म्हणून दोन हजार प्रती निघाल्या. क्रिसोस्तोमो इबारा युरोपातून शिकून गावी परततो आणि गावात एक शाळा बांधू पाहतो. एवढीच त्याची इच्छा. पाद्री दामासो आणि साल्वी यांची सत्ता त्याला त्यातून उठवते, राजद्रोही ठरवते. पण पुस्तकाचा जीव इबारापेक्षा भोवतालच्या माणसांत आहे. चर्चमध्ये घंटा वाजवणारी बासिलियो आणि क्रिस्पिन ही दोन पोरे, चोरीचा आळ येऊन मारले गेलेले धाकटे, आणि दुःखाने वेडी झालेली त्यांची आई सिसा. सिसाची प्रकरणे वाचताना आवाज स्थिर ठेवणे मला आजही अवघड जाते. त्याच पुस्तकात मेजवान्यांची आणि खोट्या प्रतिष्ठेची अशी काही थट्टा आहे, की वाचक मोठ्याने हसतो. हे दोन्ही एका कादंबरीत पेलणारा लेखक तेव्हा पंचविशीत होता.

दुसरी कादंबरी 'एल फिलिबुस्तेरिस्मो' १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला निघाली. १८७२ मध्ये फाशी... खरे तर गळा आवळून ठार केलेल्या गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन धर्मगुरूंना ती अर्पण केलेली आहे. इबारा इथे सिमोन नावाचा जवाहिऱ्या होऊन परततो. या वेळी शाळा बांधायची नाही, सत्ता आतून कुजवायची आणि एका लग्नाच्या मेजवानीत स्फोटकांनी भरलेला दिवा ठेवायचा. पहिली कादंबरी उबदार, दुसरी थंड आणि काळीकुट्ट. बहुतेकांना पहिली आवडते. दुसरी अधिक धाडसी आहे, असे माझे मत.

आणि सुरुवातीचा प्रश्न इथेच सर्वांत तीव्र होतो. रिझालने लिहिले स्पॅनिशमध्ये, आणि त्याच्या देशात स्पॅनिश वाचू शकणारे लोक फार थोडे होते, कारण पाद्र्यांनी ती भाषा सर्वसामान्यांपर्यंत पोचूच दिली नव्हती. त्याला हे ठाऊक होते. तिसरी कादंबरी त्याने तागालोगमध्ये सुरू केली होती. ती पुढे सरकली नाही. नंतरचे खर्डे पुन्हा स्पॅनिशमध्ये आहेत. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. आदल्या काळात लिहिलेली त्याची निरोपाची कविता एका छोट्या स्पिरिटच्या शेगडीत लपवून बहिणींच्या हाती पोचली. तीही स्पॅनिशच. कातिपुनान या गुप्त संघटनेचा नेता आंद्रेस बोनिफासियो याच्या नावावर तिचा तागालोग अनुवाद सांगतात. कातिपुनानचे स्वतःचे लेखन तागालोगमध्ये होते, आणि त्यामागचे कारण आता सांगायला नको.

पुढे १९५६ मध्ये प्रत्येक शाळा-महाविद्यालयात रिझालचे जीवन आणि लेखन शिकवण्याचा कायदा झाला. चर्चने कडाडून विरोध केला, कारण पाद्र्यांचे चित्रण. कायद्यावर सही केली अध्यक्ष रामोन मॅगसेसे यांनी. विनोबांना ज्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला तेच हे. अभ्यासक्रमात आल्यामुळे रिझाल घरोघरी पोचला, पण अनेकांसाठी तो परीक्षेचा विषय झाला, हे नुकसानही मोठे आहे.

१८९८ मध्ये स्पेनने हा देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेला देऊन टाकला. मागोमाग अमेरिकनांशी युद्ध झाले. १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजातून शेकडो अमेरिकन शिक्षक उतरले आणि इंग्रजी शाळा सुरू झाल्या. त्याच वेळी मनिलाच्या रंगभूमीवर तागालोग नाटके पेटली. सेवेरिनो रेयेस यांचे 'वालांग सुगात' हे संगीत नाटक १९०२ चे. आउरेलियो तोलेंतिनो यांच्या १९०३ च्या नाटकात मातृभूमीच एक पात्र होते, आणि त्या प्रयोगापायी त्यांना अटक झाली. झेंडा फडकवायला बंदी होती म्हणून काही नाटकांत नट आपापल्या वेगवेगळ्या रंगांच्या कपड्यांत असे उभे राहत, की क्षणभर रंगमंचावर झेंडा तयार होई. लोपे के. सांतोस यांची 'बानाग आत सिकात' ही समाजवादी विचारांची कादंबरी १९०६ ची, तीही आधी वर्तमानपत्रातून आलेली. १९२२ पासूनचे 'लिवायवाय' साप्ताहिक, इलोकानोतले 'बान्नावाग' यांसारखी नियतकालिके खऱ्या अर्थाने लोकांची वाचनालये ठरली. १९२४ मध्ये 'बालाग्तासान' सुरू झाले: दोन कवी, एक विषय, एक मध्यस्थ आणि छंदात रंगलेला वाद. कलगी-तुऱ्याचा फड जसा गर्दी खेचायचा तशीच गर्दी होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेंतिनो कोल्यांतेस यांच्या सामन्याला लोटे.

इंग्रजीत पहिली जाणती कथा म्हणून पास मार्केस बेनितेस यांच्या १९२५ च्या 'डेड स्टार्स'चे नाव घेतात, आणि ती खरोखर चांगली आहे. एका पिढीत परक्या भाषेत इतकी पकड यावी, हे थक्क करणारे आहे. मग १९३० च्या दशकात वाद पेटला. होसे गार्सिया व्हिया हे कवी शुद्ध कलेचे कैवारी. प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम देणाऱ्या त्यांच्या कविता प्रसिद्ध आहेत. समोर साल्वादोर लोपेस, ज्यांच्या 'लिटरेचर अँड सोसायटी' या निबंधसंग्रहाला १९४० मध्ये पुरस्कार मिळाला. आपल्याकडे फडके आणि खांडेकरांच्या नावाने जो वाद ओळखला जातो, तोच साधारण त्याच वर्षांत तिथे चालू होता. फरक एवढाच, की तिथे वाद इंग्रजीत चालला होता आणि ज्या शेतकरी-कामगारांबद्दल लिहायचे त्यांना तो वाचता येत नव्हता.

जपानी अंमलात इंग्रजीवर दाब आला आणि तागालोग कथेला अनपेक्षित जागा मिळाली. १९४३ च्या निवडक कथांमधली लिवायवाय आर्सेओ यांची 'उहाव आंग तिगांग ना लुपा' अतिशय संयत आणि सुंदर कथा आहे. स्वातंत्र्यानंतर निक होआकिन यांनी इंग्रजीत लिहूनही जुन्या स्पॅनिश मनिलाचे भुतांनी आणि उत्सवांनी भारलेले जग उभे केले. माझ्या मते इंग्रजीतले तिथले सर्वांत मोठे लेखक तेच. कामगार नेते आमादो हेर्नांदेस तुरुंगात गेले आणि तिथल्या खिडकीतून दिसणाऱ्या वावभर आभाळावर त्यांनी तागालोगमध्ये कविता लिहिली. १९६४ च्या 'मगा आगोस सा दिसिएर्तो' या संग्रहातल्या पाच तरुणांनी झोपडपट्टी, शेतमजूर, शहरात हरवलेला खेडूत हे विषय तागालोग कथेच्या मध्यभागी आणले. त्यांतल्या एदगार्दो रेयेस यांच्या कादंबरीवरून लिनो ब्रोका यांनी १९७५ मध्ये काढलेला चित्रपट जगभर गाजला.

सप्टेंबर १९७२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी मार्शल लॉ पुकारला. पुढच्या वर्षी सरकारधार्जिण्या 'फोकस' मासिकात ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथ्यूसवरची एक कविता टोपणनावाने आली. ओळींची आद्याक्षरे खालपर्यंत वाचली, तर मार्कोसला हिटलर आणि हुकूमशहा म्हणणारी मोर्चातली घोषणा निघत होती. कवी होते होसे लाकाबा. ते पुढे पकडले गेले. १९७६ मध्ये निक होआकिन यांना राष्ट्रीय कलावंत हा सर्वोच्च सन्मान देऊ केला, तेव्हा त्यांनी लाकाबा यांच्या सुटकेची अट घातली आणि ती मान्य करून घेतली. लुआल्हाती बाउतिस्ता यांची 'देकादा सेतेंता' ही कादंबरी याच दशकाबद्दल आहे, एका मध्यमवर्गीय आईच्या तोंडून सांगितलेली. ती तागालोगमध्ये आहे, बोलीच्या अगदी जवळची, आणि म्हणूनच ती विद्यापीठाबाहेर वाचली गेली.

सेबुआनो, हिलिगायनोन, इलोकानो या भाषांना मात्र मनिलाने दीर्घकाळ 'प्रादेशिक' म्हणून बाजूला ठेवले. १९५० पासून दिल्या जाणाऱ्या पालांका साहित्य पुरस्कारांत या तिन्ही भाषांतल्या कथांसाठी विभाग सुरू झाले ते १९९७ मध्ये. हा अन्याय आहे आणि तो पुरता भरून निघालेला नाही. परदेशी राहणाऱ्या फिलिपिनोंचे लेखन हा आणखी एक मोठा प्रवाह. कार्लोस बुलोसान यांचे १९४६ चे 'अमेरिका इज इन द हार्ट' हे अमेरिकेच्या शेतांत आणि मासळीच्या कारखान्यांत राबलेल्या माणसांचे पुस्तक त्याचा उगम म्हणता येईल.

वाचायला कुठून घ्यावे? 'नोली'पासून. हॅरोल्ड ऑगेनब्राउम यांचा इंग्रजी अनुवाद पेंग्विनने २००६ मध्ये काढला आहे, तो सहज मिळतो. पहिली काही प्रकरणे पात्रांच्या गर्दीमुळे गोंधळवतात, पण सिसा येईपर्यंत सोडू नका. त्यानंतर निक होआकिन यांच्या कथा, त्यांतही 'मे डे ईव्ह' आधी. मग बुलोसान. इतिहासाची लांब रेषा हवी असेल, तर फ्रान्सिस्को सियोनिल होसे यांची रोसालेस गावाभोवतीची पाच कादंबऱ्यांची मालिका घ्या. तिची कथा स्पॅनिश राजवटीच्या शेवटापासून मार्कोसच्या काळापर्यंत जाते. काळाच्या क्रमाने पहिली 'पो-ओन' आहे, अमेरिकेत ती 'डस्क' या नावाने निघाली. 'एल फिली' घाईने घेऊ नका. 'नोली' संपल्यावर काही दिवस जाऊ द्या आणि मगच ती उघडा, कारण इबाराची शाळा मनात ताजी असेल तरच सिमोनच्या रागाचे वजन कळते. आणि जमल्यास पास्योनच्या पठणाचे ध्वनिमुद्रण शोधून निदान अर्धा तास ऐका. अर्थ नाही कळला तरी चालेल, पण त्या एकसुरी, न थांबणाऱ्या गाण्याची सवय असलेल्या कानांसाठी हे साहित्य लिहिले गेले आहे.